अळीच्या विषाणूने उंदीर वाचवले, त्याची हकिकत

तीर्थस्वरूप मामा,

तुमच्या दोन्ही गुडघ्यांना आधी नमस्कार, कारण सध्या घरात त्यांचाच मान मोठा आहे असं आई म्हणते. त्यानंतर तुम्हाला आणि मामींना. शेक चालू आहे ना? जिना टाळता ना? मामींचा खोकला बसला का? मी खुशाल आहे, इतकी की आज बसमध्ये एका अनोळखी बाईंकडे बघून उगाच हसले आणि त्यांनी पर्स जवळ ओढली. का हसले, तेच सांगायला बसले आहे. पाठीशी उशी घ्या, पत्र लांबणार.

'आमची भाची किड्यांच्या दवाखान्यात असते' असं तुम्ही चारचौघांत सांगता, हे माझ्या कानावर आलं आहे. ते बरोबर उलटं आहे. आम्ही अळ्यांना बरं करत नाही, आजारी पाडतो. त्यांना बाधणारा एक विषाणू असतो. तो शिरला की अळी झाडाच्या शेंड्याला जाते, लटकते आणि तिचं अक्षरशः पाणी होतं. (जेवताना वाचत असाल तर ताट संपवून पुढे वाचा.) हाच विषाणू आपल्या पेशींत शिरतो खरा, पण तिथे त्याला वाढताच येत नाही. म्हणून आमच्या बाईंच्या (प्रयोगशाळेच्या प्रमुख, त्यांच्या चपलांचा आवाज आला की बिघडलेली यंत्रंसुद्धा सुरळीत चालतात) मनात आलं की याच्यावर फ्लूच्या विषाणूचा एक निरुपद्रवी तुकडा चढवून लस करावी. कल्पना त्यांची, राबणं माझं.

पहिल्या खेपेला लस उंदरांना शिरेतून टोचली. रक्तात पहारा देणारी काही प्रथिनं असतात. त्यांनी माझा विषाणू आत पाऊल टाकताच फोडून टाकला. इतक्या दिवसांची मेहनत, आणि उंदरांना कळलंसुद्धा नाही. मग ठरलं, नाकातून द्यायची. उंदराला गुंगी द्यायची आणि नाकपुडीत थेंब सोडायचा. सांगायला सोपं आहे. पहिल्याच उंदराची गुंगी कमी पडली आणि तो माझ्या कोटाच्या बाहीतून थेट काखेपर्यंत पोहोचला. मी ओरडले नाही, असं मी सगळ्यांना सांगते. शेजारच्या खोलीतले लोक वेगळं सांगतात.

असो. उंदरांचे तीन गट केले. एकाला नुसतं मिठाचं पाणी, दुसऱ्याला लस, आणि तिसऱ्याला तुलनेसाठी अळीचा कोरा विषाणू, ज्यावर फ्लूचा तुकडा नाही. थोड्या दिवसांनी सगळ्यांना खरा फ्लू दिला. मिठाच्या पाण्याचे उंदीर केस पिंजारून कोपऱ्यात बसले. लसवाले ठणठणीत. मी मनातल्या मनात भाषणाची तयारी सुरू केली, आणि तिसरा पिंजरा उघडला. ते सगळ्यांत ठणठणीत. एक तर चाकावर पळत होता.

मामा, भाषण तिथेच गुंडाळलं. कोऱ्यानेही तेच होत असेल, तर माझ्या लसीत काय राहिलं?

बाईंनी एक नजर टाकली आणि म्हणाल्या, "लस देताना पिंजरे बदललेत कुणीतरी. तिसऱ्यालाही लसच गेलीय."

आता पिंजऱ्यांना हात लावणारं 'कुणीतरी' एकच आहे. उंदरांची देखभाल करणारे एक वयस्क गृहस्थ, ज्यांना सगळे उंदीरमामा म्हणतात. (तुम्ही मनाला लावून घेऊ नका.) वर तक्रार गेली असती तर त्यांची नोकरी गेली असती. ते हातमोजे काढून त्यांच्या घड्या घालत उभे राहिले. मला ते बघवेना. बाईंसमोर माझी जीभ एरवी टाळूला चिकटते, पण त्या दिवशी सुटली.

"बाई, फ्लू देण्याआधी घेतलेलं रक्त राखून ठेवलंय," मी म्हणाले. "पिंजरे बदलले असतील तर ते रक्त खोटं बोलणार नाही. तोवर तक्रार करू नका."

"आणि बदलले नसतील तर?"

"मग तुम्ही स्वतः उंदीरमामांची माफी मागा."

हे मी खरंच म्हणाले. नंतर स्वच्छतागृहात जाऊन तोंडावर पाणी मारलं.

रक्त तपासलं. लसवाल्यांत फ्लूविरुद्धच्या अँटिबॉडी भरपूर. कोऱ्यांच्या रक्तात नावालाही नाहीत. म्हणजे पिंजरे जागच्या जागी होते. मग ते वाचले कसे? तर त्यांच्या रक्तात दुसरंच काही भरलेलं होतं: इंटरफेरॉन, म्हणजे पेशी एकमेकींना 'उठा, कुणीतरी शिरलंय' असं ओरडून सांगतात तो निरोप.

आठवतं, वरच्या मजल्यावरच्यांचे पाहुणे चुकून तुमच्या घरात शिरले होते आणि बूट काढून सोफ्यावर बसले होते? बिचाऱ्यांनी कुणाचं काही घेतलं नव्हतं. पण मामींनी जो आवाज दिला, त्याने अख्खी इमारत लाटणी आणि छत्र्या घेऊन जिन्यात आली. त्या वेळी खरा चोर आला असता तर त्याचं काय झालं असतं, विचार करा. उंदरांच्या फुप्फुसात तेच झालं. अळीचा विषाणू चुकीच्या घरात शिरला, काही करू शकला नाही, पण सगळे जागे झाले. फ्लू आला तो या गर्दीत.

बाईंना एवढ्याने पटतं थोडंच. पुन्हा सगळं केलं. या वेळी असे उंदीरही घेतले ज्यांच्यात परक्या विषाणूचा डीएनए ओळखणारा पेशींतला पहारेकरीच जन्मापासून नाही. त्यांना कोरा विषाणू देऊन उपयोग झाला नाही; फ्लूने आडवे पडले. आणि साध्या उंदरांना फ्लू बराच उशिराने दिला, तेव्हा कोरेवाले पडले, लसवाले उभे राहिले. जाग ओसरते, लसीची ओळख टिकते. म्हणजे लसही खरी आणि जागही खरी. एका दगडात दोन पक्षी म्हणणार होते, पण आमच्याकडे पक्ष्यांचा विभाग वेगळा आहे.

काल बाई स्वतः उंदरांच्या खोलीत गेल्या. (चपला बाहेर काढून, त्यामुळे आम्हाला कळलंच नाही.) दाराच्या काचेतून दिसलं ते एवढंच: बाई काहीतरी बोलल्या, उंदीरमामांनी मान हलवली, आणि मग दोघं बराच वेळ चाकावरचा उंदीर बघत उभे होते. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "हे छापायला पाठवू. पहिलं नाव तुझं." मामा, मी पुढचा तासभर रिकाम्या पिपेटने (थेंब मोजून सोडायची नळी) काम करत होते, हे मला कुणी सांगेपर्यंत कळलं नाही.

तर अशी ही हकिकत. मामींना वाचून दाखवा, लाटण्यांचा भाग सावकाश.

तुमची विजयी भाची

ता. क. आमच्या अळ्या वाढवायच्या खोलीचं छत गळतंय, दुरुस्ती बरेच दिवस चालेल. पुढच्या कामाला अळ्या तर हव्यातच. तुमची पुस्तकांची खोली उबदार आहे आणि बाईंनी परवानगीही काढली आहे. निरोगी अळ्या आहेत, झाकणाच्या डब्यांत राहतात, आपलं खाणं घेऊन येतील. विचार करून कळवा.

ता. क. २. विचार करायची घाई नाही. मामींना मी फोन केला होता. त्या म्हणाल्या, 'घेऊन ये, निदान त्या मला दर दहा मिनिटांनी हाक मारणार नाहीत.' तुमची पुस्तकं त्यांनी सकाळीच पलंगाखाली ढकलली आहेत, अळ्यांचे डबे उद्या पोहोचतील. त्या खोलीचं दार बंद का, असं हे पत्र येईपर्यंत तुमच्या मनात आलंच असेल.