मागच्या सीटवरचा सूड

४ नोव्हेंबर
आजपासून साडू माझा शत्रू.
विमानातून महासागर ओलांडणाऱ्या पहिल्या दोन वीरांवर ऐतिहासिक मालिका येतेय. वैमानिकाच्या भूमिकेसाठी ऑडिशन माझी. स्कूटर बंद पडली म्हणून साडूने गाडीतून सोडलं, एवढाच त्याचा संबंध. बाथरूमच्या टाइल्स विकणारा माणूस. दाराशी उभा राहून जांभई देत होता. दिग्दर्शकाला त्या जांभईत निधडेपणा दिसला. वैमानिक तो. मी नॅव्हिगेटर, म्हणजे मागे बसून नकाशा बघणारा.
उभी हयात रंगभूमीवर घासली ती यासाठी? सूड घेणार. पण कलावंताला शोभेल असा.

५ नोव्हेंबर
सासरेबुवांना बातमी कळली. थोरल्या जावयाला म्हणाले की घराण्याचं नाव काढलंत. मला म्हणाले की पट्टा नीट बांधून बसा. लग्न झाल्यापासून या गृहस्थांनी माझं एकदाही कौतुक केलेलं नाही. माझ्या नाटकांना येतात आणि खुर्च्या छान होत्या म्हणतात. या मालिकेत त्यांच्या तोंडून माझ्यासाठी एक 'वा' काढायचाच. तोही साडूच्या देखत.

११ नोव्हेंबर
शूटिंग सुरू. विमान म्हणजे स्प्रिंगांवर बसवलेला प्लायवूडचा सांगाडा. निळा पडदा म्हणजे महासागर. राक्षसी पंखा म्हणजे वादळ. मला कातडी टोपी, गॉगल, मफलर. उघडं काय, तर नाक आणि मिशी. मिशी माझी स्वतःची. साडूची डिंकाने चिकटवलेली. अस्सल कोण ते इथेच कळतं.
प्लॅन: साडूच्या लांबलचक स्वगतात खोकायचं.
खोकलो. जीव तोडून. पंख्याच्या आवाजात कोणालाच ऐकू गेलं नाही. साउंडवाला म्हणाला की सगळं नंतर डबच होणार आहे. घसा बसला.

१४ नोव्हेंबर
नवा प्लॅन. ऐन स्वगतात नकाशा उघडून साडूच्या तोंडासमोर धरायचा. धरला. पंख्याने तो हातातून हिसकला आणि साडूच्या थोबाडावर फाटकन बसवला. मनात उकळ्या फुटल्या.
साडूने नकाशा शांतपणे सोलून काढला, समुद्रात भिरकावला आणि म्हणाला की आता रस्ता काळजाला विचारायचा. सेटवर टाळ्या. लाइटवाला रडला. दिग्दर्शकाने शॉट ठेवला. या टाइल्सवाल्याला वाक्य सुचलं कुठून? गिऱ्हाइकांना असाच गुंडाळत असणार.
आणि नकाशाच गेला म्हटल्यावर नॅव्हिगेटर बोलणार काय, असं म्हणून लेखकाने माझे उरलेले सगळे संवाद कापले.

१५ नोव्हेंबर
ब्रह्मास्त्र सोडलं. मिशी काढली.
अर्धा महासागर मिशीसकट ओलांडलेला माणूस उरलेला बिनमिशीचा कसा ओलांडेल? कंटिन्युइटी बोंबलली! शूटिंग ठप्प! प्रॉडक्शनला कळवलं की मिशी परत ठेवायची की नाही, हे मुख्य भूमिकेच्या चर्चेवर अवलंबून राहील. ही म्हणाली की तुम्ही सोललेल्या बटाट्यासारखे दिसताय. दुर्लक्ष केलं.

१७ नोव्हेंबर
फोन नाही. म्हणजे माफी मागायला प्रत्यक्षच येणार. हॉलमधल्या खुर्च्यांवरचे कपडे उचलले.

२० नोव्हेंबर
फोन आला! मेकअपवाल्याचा. माझा जेवणाचा डबा सेटवर राहिलाय, त्याला वास येतोय, म्हणाला. सहज शूटिंगचं विचारलं. कालच संपलं म्हणे. कपडेपटातला पुतळा माझ्या जागी बसवला. टोपी, गॉगल, मफलर, वर साडूची जादाची मिशी. पुतळा फार सहकार्य करतो, असंही म्हणाला.
उत्तम. स्वतःच्या हाताने खड्डा खणलाय त्यांनी. एपिसोड लागू दे. प्रेक्षक एका नजरेत ओळखतील. सिरियलची छी-थू होईल, आणि साडूची पहिली. सासरेबुवांसकट अख्ख्या सासरला घरी बघायला बोलावलं. साडूला समोर बसवायचं.

६ डिसेंबर
आज वादळाचा एपिसोड. हॉल भरलेला. मागच्या सीटवर पुतळा. वाऱ्याने त्याची मान जराशी साडूच्या खांद्याकडे कलली. माझी नजर सासरेबुवांवर. आता भडकतील. आता म्हणतील, हे काय बुजगावणं बसवलंय!
त्यांनी चष्मा काढला. डोळे पुसले. वा, म्हणाले.
मग माझ्याकडे वळून म्हणाले की जावईबापू, आजवर तुम्ही नुसती अॅक्टिंग करत होतात, आज पहिल्यांदा ती थांबवलीत. मरण समोर असताना सोबत्याच्या मागे असं गप्प बसायला काळीज लागतं. हिने चारचौघांत माझा हात धरला.
साडूला सगळं ठाऊक. त्याने तोंड उघडलं. मी मान हलवून विनवलं. अक्षरशः विनवलं. मग तो सासरेबुवांना म्हणाला की खरंय, हे मागे होते म्हणून मी तरलो.
मी खाली बघून थँक्यू म्हणालो. सासरेबुवांना आणि त्यालाही.
आता जन्मभर या माणसाचा सूड घेता येणार नाही. हलकट कुठला.