अकरावं कलम

॥ श्री ॥
दि. ४ जून

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

आज हाती आलं ते असं: खरेदीखत एक, किल्ल्या दोन, बँकेचं हप्त्यांचं पुस्तक एक. त्यापायी गेलं ते असं: ह्यांच्या फंडातली उचल, माझ्या चार बांगड्या, दलालाची दलाली आणि पुढच्या पंधरा वर्षांची झोप. महिन्याचा हप्ता सहा हजार, भाडं सात हजार. वरच्या हजारात घरपट्टी आणि दुरुस्ती बसवायची.

खोल्या कुठल्या, ते ऐक. लग्नानंतर आम्ही सहा वर्षं भाड्याने काढली त्याच, माडीवरच्या दोन. कुलूपकाकूच्या! रात्री नऊला नळाला कुलूप घालायची, तीच. मुलाच्या कर्जापायी तिला त्या विकाव्या लागल्या. आता दलालाकरवी विचारते, की त्याच खोल्यांत भाड्याने राहू का. एक नर्सबाई आठ हजार द्यायला तयार होती, तिला मी नाही म्हटलं आणि काकूला हो.

तिने आमच्याकडून लिहून घेतलेला करार मी ट्रंकेत जपून ठेवला होता. चौदाच्या चौदा कलमं जशीच्या तशी उतरवून तिच्यापुढे ठेवली. नऊनंतर पाणी नाही, पाहुणा दोन रात्रींवर नाही, भिंतीला खिळा नाही. आठवतं ना, त्या खिळ्यापायी माझा देव सहा वर्षं पत्र्याच्या डब्यावर टेकून बसला होता? तेव्हा ती म्हणाली होती, की देव भिंतीवर नसला तरी पावतो. आता पावला. सूडबुद्धी नको म्हणून रोज त्याच्यापुढे हात जोडते, पण फार मनापासून नाही.

भावोजींना नमस्कार. माया आहे ती असू दे.
तुझी ताई

दि. १२ जून

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

पत्र पोचलं. तू घर घेतलंस की सावज, ते कळेना! आमच्याकडचे हसून म्हणाले, की ताईंनी सूडावर महिना हजार रुपये खर्च मांडलाय. मला मात्र हसू येत नाही. तुझ्या जाचाला कंटाळून म्हातारी निघून गेली आणि खोल्या दोन महिने रिकाम्या राहिल्या, तर हप्ता कुठून भरशील? बँक तुझा देव बघणार नाही. निदान तीन हप्ते बाजूला काढून ठेव.

आणि तो करार उतरवण्याआधी वाचलास ना? शाळेत धडा तू घडाघडा पाठ म्हणायचीस आणि अर्थ मला विचारायचीस.

रागावू नकोस. आहे तशीच धाकटी राहू दे मला.
तुझी धाकटी

॥ श्री ॥
दि. २० ऑगस्ट

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

तुझी जीभ काळी आहे. सूड घ्यायचा तर समोरच्याने चुकायला हवं. ही बाई चुकतच नाही. एक तारखेला सकाळी आठला भाडं दारात. नऊला नळ बंद. पाहुणा तर एकही नाही, मुलगासुद्धा नाही.

गेल्या आठवड्यात तिची चिठ्ठी आली. कलम अकराप्रमाणे छत गळल्यास मालकाने आठ दिवसांत दुरुस्त करावं, असं तिने मलाच कळवलं. करार काढून पाहिला. आहे बाई कलम! आमच्या गाद्या सहा पावसाळे भिजल्या तेव्हा ते तिला ठाऊक होतं, मला नव्हतं. माझ्याच अक्षरात मीच अडकले. गवंड्याने दीड महिन्याचं भाडं खाल्लं.

अंगाचा तिळपापड झाला. नर्सबाई अजून तयार होती. खोल्या सोडण्याची नोटीस लिहिली आणि गवंड्याबरोबर माडी चढले, तिच्या हातात देऊन तोंड बघायचं म्हणून.

आत गेले, तर डोळे आधी त्या भिंतीकडे. भिंत कोरी. खाली पत्र्याचा डबा, त्यावर काकांची तसबीर टेकवलेली, हार घातलेली. छताचं पाणी फ्रेमच्या आत शिरलं होतं, काकांचा एक खांदा पुसला गेला होता. मी बघते आहे हे तिने पाहिलं. माझ्याकडे न बघता म्हणाली, की भिंतीवर नसले तरी दिसतात.

नोटीस पिशवीतच राहिली. नर्सबाईला कळवलं, खोल्या रिकाम्या नाहीत.

म्हणून मी क्षमा केली असं मुळीच समजू नकोस. रविवारी पुन्हा जाणार आहे. खिळा मीच ठोकणार, स्टुलावर चढून. तिने खाली उभं राहून ओंजळीत खिळे धरायचे आणि मागेन तेव्हा एकेक वर द्यायचा. मी सावकाश ठोकणार आहे.

घरच्या सर्वांना आशीर्वाद, आणि ह्या ताईवरची माया पातळ होऊ देऊ नकोस. आपला हातोडा मागच्या खेपेपासून तुझ्याकडेच आहे. कुणाबरोबर पाठवतेस, ते उलट टपाली कळव.

तुझी ताई