डाकूवाली गाणी

जबलपूर,
२८ नोव्हेंबर १९९६

प्रिय मुरलीदादा,

दिवाळीचं तुझं कार्ड पोचलं. कार्यक्रम चालू आहेत, तब्येत बरी आहे, एवढ्या दोन ओळी. बाबांनी आधी स्वतः वाचलं, मग मला मोठ्यानं वाचायला लावलं, अन् रविवारी मंडळींना दिसावं म्हणून रेकॉर्डप्लेअरच्या बाजूला उभं करून ठेवलं. मंडळी म्हणजे तीच, सदर बाजारात अंकलकडे गाणी ऐकायला जमणारी. लेस्ली अंकल मागच्या वर्षी मुलीकडे ऑस्ट्रेलियाला गेले, तेव्हा सगळ्या रेकॉर्डी बाबांना देऊन गेले. तेव्हापासून बैठक आपल्या रांझीच्या घरी भरते. सहा दिवस माझी शाळेतली नोकरी, अन् रविवारी दिवसभर चहाचं पातेलं खाली उतरत नाही.

आपण दोघं बाबांच्या सायकलवर सदरला जायचो, तू पुढे दांड्यावर, मी मागे कॅरिअरवर. अंकल रेल्वेतून गार्ड म्हणून रिटायर झालेले. त्यांचा भाऊ अमेरिकेहून रेकॉर्डी पाठवायचा. कव्हरवर लांब केसांचे, दाढीवाले गायक. कंपनी सांगेल तसं गाणार नाही म्हणून भांडून बाहेर पडलेले. गाण्यांत तुरुंग, दारू, ट्रक अन् मागे टाकलेली घरं. अंकल त्यांना आउटलॉ म्हणायचे. सायकल दुरुस्तीवाले नथ्थूकाका म्हणायचे, ‘अंकल, डाकूवाला गाना लगाओ.’ त्यांना इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं. मग ऐकता काहून, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, ‘बिटिया, इतना समझ में आता है कि ये आदमी अपने साहब को सुना रहा है.’ अन् आपले बाबा! आठवडाभर भोंग्याच्या आधी फॅक्टरीच्या गेटवर हजर, रस्त्यात साहेब दिसला की सायकलवरून उतरणार. रविवारी तेच बाबा गळ्यात लाल रुमाल बांधून बसायचे अन् एकेका गाण्याचा अर्थ सगळ्यांना असा समजावून सांगायचे, जसे काही तेच त्या तुरुंगातून सुटून आले आहेत.

गिटार तू अंकलकडूनच शिकलास. बैठकीत पहिल्यांदा गायलास तेव्हा बाबांनी परत येताना खोव्याची जिलबी घेतली, अन् गल्लीत ज्याला त्याला वाटली. म्हणूनच तुला भरवसा वाटला असेल. फॅक्टरीतलं अप्रेंटिसचं काम सोडलं, हे तू आधी घरी सांगितलं नाहीस, अंकलच्या व्हरांड्यात सगळ्यांसमोर सांगितलंस, हसत हसत. तुझा तो चेहरा मला अजून दिसतो. बाबा म्हणाले, ‘काहून? काय कमी होतं तिथं?’ तू म्हणालास, ‘तुम्हीच तर शिकवलं बाबा, कोणाच्या हुकमात राहायचं नाही.’ बाबांनी गळ्यातला रुमाल सोडला, त्याची घडी केली अन् म्हणाले, ‘गाणी ऐकायची असतात रे. तसं वागायचं नसतं.’ घरी आल्यावर तुम्ही दोघं एकमेकांना जे बोललात ते आई मरेपर्यंत विसरली नाही. दुसऱ्या दिवशी तू कलकत्त्याची गाडी धरलीस.

तुझ्या मनात काय सलतं ते मला माहीत आहे. आईच्या तेराव्याला आलास तेव्हा बाबा अन् तू एका खोलीत बसून फक्त गाडीच्या वेळेबद्दल बोललात. मग विहिरीजवळ मला म्हणालास, पोटच्या मुलाला घालवून हा माणूस पुढच्याच रविवारी सदरला जाऊन मान डोलवत बसला. खरं आहे ते, गेले होते. पण एक गोष्ट तेव्हा सांगायची राहून गेली. तू गेल्याच्या पुढच्या वर्षी आईला ताप आला म्हणून मी त्यांना बोलवायला गेले, तर आत रेकॉर्ड लागलेली अन् बाबा बाहेर मागच्या फाटकाशी, सायकलच्या सीटवर हात ठेवून, घराकडे पाठ करून उभे. मी हाक मारणार तोच अंकलनी मला थांबवलं. पोरगा घर सोडून जातो असं ते गाणं होतं. अंकल म्हणाले, ‘हर संडे यही, बेबी. खुद बोलता है, लगाओ. फिर बाहर चला जाता है.’ गाणं संपल्यावर बाबा आत आले अन् मला पाहून म्हणाले, सायकलची हवा बघत होतो.

मग हळूहळू त्यांची भाषा बदलत गेली. आधी तुझं नाव काढायचे नाहीत. पुढे नथ्थूकाकांनी विचारलं तर ‘हॉटेलात गातो’ एवढंच. रिटायर झाले अन् एकदम छाती काढून सांगू लागले, ‘माझा मुलगा कोणाचा नोकर नाही.’ नवीन कोणी आलं की तुझी कार्डं हातात देतात. अन् नवीन लोकं येऊन राहिले, दादा, मलाच नवल वाटतं. एक रिटायर्ड सुभेदार येतात, एक बँकवाले, रेल्वे हॉस्पिटलमधली एक नर्स. सगळी आयुष्यभर हो जी, हो जी करणारी माणसं. सुई टेकली की सुभेदार बुटांचे बंद सैल करतात. नर्स डोळे मिटते. एकदा ती मला म्हणाली, ‘दीदी, मैं तो किसी को ना नहीं बोल पाती. ये लोग मेरी तरफ से बोल देते हैं.’ बाबा तेव्हा तुझ्या कार्डाकडे बघत होते. त्यांच्या वतीनं कोण बोलत होतं, ते त्यांनी मनाशी ठरवून टाकलेलं होतं.

मागच्या रविवारी नथ्थूकाकांचे जावई आले होते, बिलासपूरचे. बाबांनी सवयीनं तुझं कार्ड त्यांच्या हाती दिलं. त्यांनी खालची तुझी पूर्ण सही वाचली अन् हसले. ‘अरे, जबलपूरवाले इंगोलेजी? ये तो हमारे गोदाम में सुपरवाइजर हैं. यही दस्तखत! बहुत सीधे आदमी. दस-बारह साल में साहब के सामने कभी मुँह नहीं खोला.’ बिचाऱ्यांनी कौतुकच केलं. कोणी कोणाकडे बघेना. बाबा म्हणाले, ‘दूसरा कोई होगा. मेरा लड़का गाता है.’ अन् रेकॉर्ड उलटायला उठले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. काल मी शाळेतून आले तर उंबऱ्यावर बसलेले. म्हणाले, ‘बेबी, खरंच कधी तोंड उघडलं नसेल काय गं त्यानं?’ मी चपला काढून त्यांच्याजवळ बसले. मग म्हणाले, ‘त्या भांडणात मी हरायला पाहिजे होतं.’ दादा, मी त्यांना आईच्या वेळीही रडताना पाहिलं नव्हतं.

म्हणून हे पत्र नेहमीसारखं कलकत्त्याला तुझ्या मित्राच्या पत्त्यावर टाकत नाही. जावईबापूंच्या हाती बंद पाकिटात देते आहे. इतकी वर्षं तू एका रात्रीच्या अंतरावर होतास अन् आम्हाला कळलं नाही, एवढंच वाईट वाटतं. का लपवलंस ते मी विचारणार नाही, बाबाही विचारणार नाहीत. त्यांनी मला समोर बसवून सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. ‘म्हणावं, ये. सुट्टी मागायची लाज वाटत असेल तर साहेबाला सांग, बाप आजारी आहे. ते काही खोटं नाही. फक्त रविवारी येऊ नको म्हणावं. रविवारी लोकं असतात, ते त्याला गायला लावतील. बुधवारी ये.’

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच
बेबी