ढगाळ दिवशी शिजलेली डाळ

आई,

सूर्यचूल घरात आली तेव्हा तू तिच्याभोवती एक फेरी मारलीस आणि म्हणालीस, "नोकर हाय का सूर्य आपल्या घरचा?" ऐंशीच्या आसपासची गोष्ट. पत्र्याची काळी पेटी, वर काच, झाकणाला आरसा. मी नुकतीच शाळेत विज्ञान शिकवायला लागले होते. रॉकेल, कोळसा न जाळताही स्वयंपाक होतो, हे कोराडीच्या कोळशावरच्या वीज केंद्राच्या कॉलनीतल्या बायकांना रविवारी दाखवायचं मी मोठ्या तोऱ्यात कबूल केलं होतं. त्याआधी आठवडाभर घरी तूरडाळ शिजवून बघायची. सकाळी काचेवरची राख पुसून मी शाळेत जायचे. पेटी उन्हाकडे फिरवायचं काम तुझं. डाळ रोज मऊ, आणि वहीत माझी नोंद.

गुरुवारी दिवसभर आभाळ आलेलं होतं, तरी डाळ मऊ! मी तुझा पदर हुंगते, रॉकेलचा वास येतो. स्टोव्हला हात लावते, तो गार. "काहून फसवून राहिली तू मले?" शेजारीण दारात उभी होती, तिचीही मी भीड ठेवली नाही. तू पलंगावरची गोधडी दाखवलीस. "भिजवलेल्या डाळीले चांगली उकळी आणली, अन् पातेलं झाकून यात गुंडाळून ठेवलं. तुह्यं हसं होऊ नये म्हणून केलं वं. बाकीचे दिवस उन्हानंच शिजली." माझा विश्वास बसला नाही. वहीची पानं मी तुझ्यासमोर फाडली. तुझे डोळे भरले होते, ते मी पाहिले आणि तशीच बाहेर गेले.

आता हवामानबदलावर बोलायला मला बोलावतात. इंधन बदलणं हा एक मार्ग, मुळात कमी जाळणं हा दुसरा, झाडं लावणं हा तिसरा, असं मी समजावते. कुणी लावलेल्या झाडांचे फोटो दाखवले की जगली किती ते विचारते. संशयाची खोड गेली नाही. गोधडीबद्दलही सांगते, पण ती युक्ती तुझी होती हे सांगत नाही.

कारण रविवारीही धड ऊन नव्हतं. पहाटे तू आंघोळीला गेलीस तेव्हा मी डाळीला उकळी आणली, पातेलं तुझ्याच गोधडीत गुंडाळलं आणि बायका जमायच्या आधी त्यातून काढून पेटीत नेऊन ठेवलं. सगळ्यांनी डाळ चाखली. तूही चाखलीस, माझ्याकडे पाहिलंस आणि मोठ्यानं म्हणालीस, "सूर्यानं मस्त शिजवली वं!" टाळ्या पडल्या, त्या मी घेतल्या.

तू गेलीस तिथला पत्ता असता तरी हे पत्र मी टाकलं नसतं, आई. मला अजून लाज वाटते.