खळ लावलेलं सुकाणू

महाल, नागपूर
२ सप्टेंबर २०२४

चि. गोविंदास अ. उ. आ.

तुझं पत्र मिळालं. म्हणजे पाकिटाने जेवढं सोडलं तेवढं मिळालं. तू डिंक इतका थापला होतास की उघडताना मायन्याची अख्खी ओळ झाकणाला चिकटून गेली. थोरल्या भावाला जो काही मान उरलाय तो 'ती.' या एका अक्षरात असतो, आणि तोच डिंकाने गिळला. या अपराधाला शास्त्रात प्रायश्चित्त सापडेना. तुझ्या वहिनीने ओलं फडकं फिरवायला सांगितलं. फिरवलं, तर शाईही गेली.

बाकीचं वाचलं. एप्रिलमध्ये तुला पक्षाघाताचा झटका आला, डॉक्टरांनी उजव्या हाताचा व्यायाम म्हणून रोज एक पान लिहायला सांगितलं, आणि ते पान वाचायची शिक्षा मला झाली. जुलैतलं अक्षर म्हणजे मुंगळ्यांची मिरवणूक होती. आता मुंग्या आहेत. प्रगती म्हणायची.

डिसेंबरात येऊन तलावात एकट्याने नाव काढणार म्हणतोस, म्हणून रविवारी उमरेड रोडला तलावाकाठच्या शेडमध्ये जाऊन तुझी ती कॅटामरान पाहिली. सेलिंग क्लबने भंगारात काढलेली वस्तू तू पंधरा वर्षांपूर्वी का घेतलीस हे आईलाही कळलं नव्हतं, मला आजही कळत नाही. दोन अरुंद होड्या, मधे जाळी, आणि एका नावेला दोन सुकाणू. ती दोन्ही सुकाणू बिजागऱ्यांत अशी खडखडतात की इंजिनाविना एसटीचा आवाज येतो. शेडवाले बाबनराव म्हणाले की मास्तर, हे वारं लागलं की गळून पडते.

उपाय मात्र घरातलाच सापडला. मागाची खुंटी सैल झाली की बाबा काय करत? खळ लावलेलं सूत तिच्यावर घट्ट गुंडाळून ठोकत. मी बिजागऱ्यांच्या खिळींना तेच केलं. आता सुकाणू तसूभर हलत नाही. कोष्ट्याच्या पोटी जन्मल्याचं पहिल्यांदाच चीज झालं.

हात जपावा, डिंक जपून वापरावा.

तुझा
गिरिधर

—

पुणे
१० सप्टेंबर २०२४

ती. दादास सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून इतका हसलो की हर्षा स्वैपाकघरातून धावत आली, बाबाले पुन्हा झटका आला का म्हणून. दादा, सुकाणू हलाले पाहिजे! त्याचं कामच हलण्याचं आहे. आणि खळ पाण्यात विरघळते, सूत पाण्यात फुगते, हे तुले बाबानं नाही सांगितलं काय? माग काही तलावात चालत नोता.

आता नीट ऐक. खीळ झिजली नसंल. झिजलं असंल ते भोक. बिजागरीची पट्टी नावेच्या पाठीले बोल्टनं आवळलेली आहे, ते बोल्ट ढिले झाले की भोकं लंबी होतात, पाणी आत जाते आणि फायबरच्या आतलं लाकूड सडते. पट्ट्या काढ. भोकात पेचकस टोचून पाह्य, लाकूड ओलं लागलं तर खरवडून काढ, आठ दिवस सुकू दे, मग एपॉक्सी भर आणि नवीन भोक पाड. आतून मोठे वायसर लाव. खिळीवर बसाले लेथवाल्याकडून नायलॉनचे बुश, म्हंजे बारक्या नळ्या, करून घे. दोन्ही बाजू सारख्या कर, एक सुकाणू ऐकते आणि दुसरं नाही, असं नको.

हाताचं ठीक चालू आहे. हे पान लिहाले सव्वा तास लागला, अर्धा वेळ हसण्यात गेला. काहून काळजी करतं तू? डिसेंबरात मी नाव काढतोच.

वहिनीले नमस्कार. तुझा हात डोक्यावर असाच राहू दे, त्यात सूत गुंडाळू नको.

तुझा
गोविंदा

—

महाल, नागपूर
२४ सप्टेंबर २०२४

चि. गोविंदास अ. उ. आ.

तुझं पत्र बुधवारी आलं. दुर्दैवाने मी रविवारीच पाण्यात उतरलो होतो.

मी आणि बाबनराव. ते पोहतात, मी पोहत नाही, म्हणून जॅकेट दोघांत मलाच. पहिली पाच मिनिटं सुकाणूने बाबांचं नाव राखलं. मग डावीकडचं सूत फुगलं आणि खीळ जागीच अडकली. उजवीकडची खळ धुऊन गेली, ते सुकाणू मोकळं. नाव तलावाच्या मधोमध डावीकडे वळली ती वळतच राहिली. तिसऱ्या फेरीला बाबनरावांनी विचारलं की मास्तर, हे तुम्ही देवाले प्रदक्षिणा घालून राहिले काय, आणि देव कोणता ते सांगा म्हणजे मीबी हात जोडतो. कर्ण म्हणजे सुकाणू, ते धरणारा तो कर्णधार, हा शब्द क्रिकेटवाल्यांनी पळवला, असं मी त्यांना समजावत होतो. त्यांनी शीड पाडलं आणि वल्ह्याने आम्हाला काठाला आणलं.

तू सांगितल्याप्रमाणे पट्ट्या काढल्या. डाव्या पाठीत पेचकस लोण्यात जावा तसा गेला. आतला लगदा चमच्याने काढला. तो चमचा वहिनीचा होता, हे तू तिला बोलू नकोस.

आशीर्वाद आहेतच, त्यांना डिंक लागत नाही.

तुझा
गिरिधर

—

पुणे
५ ऑक्टोबर २०२४

ती. दादास सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. प्रदक्षिणेचं वाचून सगळे खूप हसलो. लाकूड पूर्ण सुकल्याशिवाय एपॉक्सी भरू नये, एवढी विनंती.

माझा हात आता पुष्कळ बरा आहे, अक्षरावरून तुझ्या लक्षात येईलच. डॉक्टरही समाधानी आहेत. डिसेंबरची तिकिटं काढली आहेत. मी एकटाच नाव काढीन, सोबत कोणी लागणार नाही. तू मुळीच काळजी करू नकोस.

वहिनींना नमस्कार. लोभ आहे तसाच राहावा.

तुझा
गोविंदा

—

महाल, नागपूर
१६ ऑक्टोबर २०२४

चि. गोविंदास अ. उ. आ.

काम झालं. लाकूड दहा दिवस सुकवलं, एपॉक्सी दोनदा भरली, बोल्ट सदरच्या बाजारातून आणले. लेथवाल्याने केलेले पहिले बुश घट्ट झाले. खडखड गेली ना, मग झालं, असं त्याचं म्हणणं. मी ते परत करायला लावले. तिसऱ्या वेळी तो म्हणाला की मास्तर, नाव आहे का विमान? पण आता दोन्ही सुकाणू एका दांडीवर एकदम वळतात, आवाज नाही, आणि माझ्या करंगळीने वळतात. मुद्दाम करंगळीने करून पाहिलं. दांडीचं टोक लांबवून घेतलंय, डाव्या हातानेही धरता येईल असं.

रविवारी बाबनराव आणि मी पलीकडच्या काठाला जाऊन सरळ परत आलो. वारा बरा होता. तुझ्याविना त्या नावेवर बसायला बरं वाटलं नाही.

आता एक गोष्ट. तुझं मागचं पत्र आलं तेव्हा पाकीट सुरेख उघडलं. डिंक कडेला जेवढा हवा तेवढाच. आत अक्षर मोत्यासारखं. गोविंदा, हर्षाला लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत पाटीवर अक्षरं मी गिरवायला लावली होती. तिच्या 'ल'ची गाठ मी शिकवलेली आहे, ती मला अंधारातही ओळखू येईल. पोरीला रागावू नकोस, तिने तू सांगितलंस तसंच केलं.

तेव्हा सरळच लिहितो. नाव बुडेल अशी भीती मला वाटत नाही, बाबनराव आहेत, जॅकेट आहे. मला भीती वाटते ती ही की सप्टेंबरनंतर तुझा हात मागे गेलाय, आणि ते तू मला सांगत नाहीस. झोप लागत नाही त्याने.

डिसेंबरात ये. दांडी तू धर, मी जाळीवर बसेन. त्याआधी एक ओळ लिही, वाकडी, मुंगळ्यांची, कशीही, पण तुझ्या हातची. आणि पाकीट तूच चिकटव. मायना फाटला तरी चालेल.

तुझा
दादा