गवतांच्या कापलेल्या कडा

पनवेल,
१२ फेब्रुवारी २०१३

प्रिय मुनाफ,

सलाम. इथे सगळे खुशाल आहेत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. खारघरच्या नव्या फ्लॅटबद्दल मुबारक. दावतीला मी येणार नाही.

अब्बांची गवतांची चित्रं तुझ्या ड्रायव्हरने आणून दिली. "वाळवी लागेल, फ्रेम बदलून आणतो" म्हणत तू ती अम्माच्या खोलीतून नेलीस आणि स्वतःच्या हॉलमध्ये लावलीस. आता जास्मीनभाभीला भिंतीवर दुसरं काही हवं झालं, म्हणून परत. तेही मी गिळलं असतं. पण तयार सोनेरी फ्रेममध्ये बसावीत म्हणून तू त्यांच्या कडा कापल्यास, वर प्लास्टिक चढवलंस. इंग्रजांच्या काळातला कागद हॉटेलच्या मेनूकार्डासारखा करून ठेवलास.

अम्मा नमाज पढते त्या खोलीत माणसाजनावरांची चित्रं नकोत, म्हणून अब्बा दर सुट्टीला मस्कतहून जुन्या ग्रंथातलं रानगवताचं एक पान आणायचे. अम्मा आपटा गावची, नदीकाठी वाढलेली. "गवत काय विकत आणतात?" म्हणून हसायची. त्या पानाच्या खालच्या कडेला अब्बा पेन्सिलीने तिच्यासाठी एक ओळ लिहायचे. तोंडाने त्यांना असलं कधी जमलं नाही. तुला ती खरड वाटली असेल.

अम्माला दिसेनासं झाल्यापासून रोज संध्याकाळी मगरिबच्या नमाजानंतर मी तिला त्या ओळी वाचून दाखवते. चित्रं परत आली तेव्हा तिने हात फिरवला, म्हणाली, "काच बदलली वाटतं." मी हो म्हटलं आणि पाठ होत्या तशा ओळी म्हणत गेले. तुला वाचवायला, हे लिहिताना माझी मलाच चीड येते.

शेवटचं पान अब्बा गेल्यावर त्यांच्या बॅगेतून आलं होतं. त्यावरची ओळ अम्माने फ्रेमखाली झाकून घेतली होती, कुणाला वाचू द्यायची नाही. काल म्हणाली, "आता मलाच नीट आठवत नाय. वाच."

मी काहीतरी गोड रचून सांगितलं.

तिने ऐकून घेतलं. "ते असं लिहिणारे नव्हते," म्हणाली आणि कूस बदलली. आज मगरिबनंतर तिने मला बोलावलं नाही.

त्या फ्रेमवाल्याकडे जा. रद्दीत, भुशात, जिथे असेल तिथे हात घालून शेवटच्या पानाची ती कापलेली पट्टी शोध. मिळाली तर घेऊन ये. नाही मिळाली तरी ये, आणि काय केलंस ते तिला स्वतःच्या तोंडाने सांग. मी आता तुझ्यासाठी खोटं वाचणार नाही.

पत्राच्या शेवटी अम्माचा सलाम लिहायचा असतो. मी तिला विचारलं होतं. ती काही बोलली नाही.

सफूरा