देवूसाठी हसलेली आई

थोर छायाचित्रकार देवव्रत यांस,

आईच्या पंच्याहत्तरीला नाशिकला येऊन बाबांच्या जुन्या कॅमेऱ्यात तू खालून फिल्म भरलीस. तिचं टोक लांब, अरुंद कापल्याशिवाय ती त्यात बसत नाही, म्हणून मी कात्री पुढे केली.

"ताई, तुला यातलं काय कळतं?"

दिवसभर सगळ्यांना ताटकळत उभं ठेवलंस. फिल्म जागची हललीच नाही, एकही फोटो आला नाही. वर लॅबवाल्याने रोल बिघडवला म्हणून सांगत सुटलास. निर्लज्ज!

गेल्या रविवारी मी टोक नीट कापलं, फिल्म भरली आणि आईला गॅलरीत बसवलं. तिला आता अंधुकच दिसतं.

"देवू काढतोय ना फोटो?"

मी "हो" म्हटलं.

माझ्याकडे बघून ती इतकं गोड कधीच हसली नव्हती.

फोटो सुरेख आलाय. तुला तो मिळणार नाही, हे पत्रही नाही.

श्यामला